एकेचाळीस वेळा अस्पष्ट

ताईचे कान लहान होते. माणसाची गोष्ट कानांपासून सुरू करायची रीत नाही, हे मान्य. लोक घराणं सांगतात, शिक्षण सांगतात, निदान स्वभाव तरी सांगतात. पण ताईच्या बाबतीत सगळं कानांवरच येऊन अडलं, त्याला कोण काय करणार! बावन्न वर्षं हे दोन कान डोक्याच्या दोन बाजूंना निमूट बसून होते. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. ती जन्मली तेव्हा आत्यानं दुपटं बाजूला करून "कान द्यायचे राहिले वाटतं हिला" म्हणून घेतलं होतं, आणि लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी "ऐकू येतं ना पण?" एवढी चौकशी केली होती. ऐकू येत होतं. लग्नानंतर सासूबाई स्वयंपाकघरात पुटपुटायच्या तेही येत होतं.

आणि नोकरी लागली तीही ऐकण्याचीच. सरकारी भाड्याच्या घरांचं वाटप करणारं ते कार्यालय. कुणाच्या खोलीत ओल, कुणाच्या घरात माणसं जास्त आणि भिंती कमी, कुणाला जिना चढवत नाही; असे सगळे घर बदलून मागायला फोन करत. पुढच्या खोलीतला कारकून त्यांना सात ठरलेले प्रश्न विचारायचा. बोलणं रेकॉर्ड व्हायचं. मागच्या खोलीत ताई ते ऐकून टाइप करायची आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर जायचा. साहेब रेकॉर्डिंग कधी ऐकत नसत. त्यांना वेळ नसे. अर्जदाराला भेटत नसत; त्यांना त्रास होई. म्हणजे ताईनं कागदावर जे लिहिलं तेच त्या माणसाचं बोलणं, आणि जे लिहिलं नाही ते तो बोललाच नाही.

ऐकू न आलेलं मनानं भरायचं नाही, तिथं "अस्पष्ट" लिहायचं, असा नियम होता. सातवा प्रश्न मुख्य: घर का बदलून हवं? त्याचंच उत्तर अस्पष्ट निघालं की अर्ज परत, पुन्हा फोन करा असं पत्र. तीनदा अस्पष्ट निघालं की वर्षभरासाठी फाइल बंद. पण तेवीस वर्षांत ताईनं तो शब्द महिन्यातून एखाद्या वेळी लिहिला असेल, तोही पलीकडे कुणाचं पोर भोकाड पसरून बसलं असेल तर. तिच्याकडे एक जुना काळा हेडफोन होता, कानांवर बशा पालथ्या घातल्यासारखा दिसायचा. दिसू दे. त्यातून मुंगी चाललेली ऐकू यायची.

मग आधुनिकीकरण आलं. कुठूनतरी वरून येतं ते, विचारायचं नसतं. एका सकाळी सगळ्यांचे जुने हेडफोन पोत्यात भरले, भंगारात गेल्याची सही घेतली आणि प्रत्येकाच्या हातावर कानात खुपसायचे नवे इयरफोन ठेवले. सोबत रबरी टोप्यांचे तीन आकार: मोठा, मध्यम आणि लहान. ताईनं लहान टोपी लावली, कानात घातली आणि हात सोडला. इयरफोनही सुटला. पुन्हा घातला, पुन्हा पडला. एकदा तर थेट चहाच्या कपात.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्म्यावरून तिच्या कानांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"ताई, सगळ्या कार्यालयाला बसतात."

"मला नाही बसत, साहेब."

"वापरत राहा. नव्या चपलेसारखं असतं. कान सैल होतील."

"आणि नाही झाले तर? जुना हेडफोन परत मिळेल का?"

"भंगारातली वस्तू वापरात आणायची म्हणजे मला खुलासा द्यावा लागेल," साहेब म्हणाले, आणि खुलासा या शब्दानंच त्यांचा चेहरा उतरला. ताई परत आली.

मग सुरू झाली शोधाशोध. लेकीनं मोबाइलवरून जवळच्या दुकानातून पाच प्रकार मागवले. एकाला कानामागून आकडा होता. कानानं आकडा सांभाळला, इयरफोन सांभाळला नाही. एक "नाजूक कानांसाठी खास" होता. खास म्हणजे गुलाबी, बाकी माप तेच. एक बसला खरा, पण दहा मिनिटांत असा ठणका लागला की ताईनं तो काढून भिंतीवर भिरकावला. बाकीचे परत करायला दुकानात गेली तर दुकानदार म्हणाला, "कानात घातलेला माल परत घेत नाही."

"अहो, कानात गेलाच नाही, हीच तर तक्रार आहे!"

"मग माल चांगला आहे, ताई. तुमच्या कानातच खोट आहे."

खोट शोधायला ती कानाच्या डॉक्टरकडे गेली. त्यानं दोन्ही कानांत बॅटरी मारून पाहिली, एकातला मळ काढला, आणि "फार सुरेख कान आहेत, जरा अरुंद आहेत इतकंच," असं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली. झालं. सुरेख कान घेऊन ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला बसली. डाव्या हातानं इयरफोन कानात दाबून धरायचा आणि उजव्या हातानं टाइप करायचं. दिवसाला तीस कागद व्हायचे ते अकरावर आले. कामाचा वेग दाखवणारा तक्ता भिंतीवर होता, त्यात ताईचं नाव तेवीस वर्षांत पहिल्यांदा तळाला गेलं. ताईनं तो तक्ता पाहिला आणि तिला रडू आलं.

शेवटी नवरा पुढे सरसावला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जगात दुरुस्त न होणारं काही दिसत नाही. त्यानं रबरी टोपी उपटून फेकून दिली, एका वायरवरची रबरी नळी सोलली, तिचे बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे कापले, कडा घासल्या आणि इयरफोनवर चढवले.

"घाल आता. हलव मान. उडी मार."

ताईनं उडी मारली. पडला नाही! लेकीनं दुसऱ्या खोलीतून मोबाइलमध्ये बोलून रेकॉर्ड केलं, तेही स्वच्छ ऐकू आलं. मग नवऱ्यानं स्वतःच्या आवाजात लिफ्टच्या सुरक्षिततेवर चार वाक्यं सांगितली, तीही आली. आता नवऱ्याचा आवाज बारीक, जरा चिरका; फोनवर लोक त्याला बाई समजायचे. लेकीचा तर बारीकच. त्यामुळे परीक्षा अगदी थाटात पास झाली. "बघितलंस?" असं म्हणत नवरा दोन दिवस घरात छाती काढून फिरला.

आणि खरंच, ताईचा वेग वाढला. तीस, बत्तीस, पस्तीस. काही अर्जदार जरा दबकं बोलायचे, दाराआडून बोलल्यासारखे. पूर्वी असं होत नसे, पण नव्या यंत्रातच काही असेल असं तिला वाटलं. तिथं ती नियमानं "अस्पष्ट" लिहायची आणि पुढे जायची. आता साहेबांचंही बघा. अस्पष्ट कागद त्यांना फार आवडायचे. त्यावर विचार करावा लागत नाही, घर शोधावं लागत नाही. एक पत्र, एक सही, फाइल बाहेर. दोन महिन्यांनी भिंतीवर ताईचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, उत्कृष्ट कर्मचारी. फोटोत कानातल्या नळ्याही दिसत होत्या. नवऱ्यानं त्या फोटोचा फोटो काढून त्याच्या सगळ्या भावांना पाठवला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. जेवणाची सुट्टी होती, ताईनं नळ्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या. तेवढ्यात पुढच्या खिडकीवरून एक आवाज आला. मध्ये तीन दारं होती, तिन्ही बंद, तरी शब्द न् शब्द आत येत होता.

"मी अस्पष्ट बोललो? मी? अहो, मी गोदीत चाळीस वर्षं क्रेन चालवली. खालच्या माणसाला वरून ओरडून सांगायचो आणि त्याला कळायचं!"

ताई उठून बाहेर गेली. खिडकीपलीकडे एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते, हातात तीन पत्रं. कारकून त्यांना तिसऱ्यांदा सांगत होता की फाइल आता पुढच्या वर्षी उघडेल. ताईनं कारकुनाच्या खांद्यावरून फाइलमधले कागद पाहिले. तिन्ही कागदांच्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची सही होती. तिचीच.

"काका," ती म्हणाली, "काय सांगितलं होतं तुम्ही फोनवर?"

"हेच की, चौथा मजला, लिफ्ट नाही. बायकोचं हृदय थकलंय. आठ महिने झाले, खाली उतरली नाही. डॉक्टर म्हणतात रोज थोडं चालवा, मोकळी हवा द्या. कुठून देऊ? जिन्यात बसवू? तळमजल्याची एक खोली द्या, कुठलीही द्या. तीनदा सांगितलं, बाई. ती बाजूला बसून म्हणायची, जरा हळू बोला, शेजारी ऐकतील."

चूक माझी आहे, एवढं म्हणायचं होतं. "मी बघते," म्हणून ती आत पळाली.

तिनं तिसरं रेकॉर्डिंग लावलं. नळ्या घालून ऐकलं तर तोच दबका आवाज, गोधडीखालून आल्यासारखा. मग तिनं एक बोट इयरफोनवर ठेवून तो आत दाबला. आणि क्रेनवाले काका तिच्या डोक्यात खणखणीत बोलू लागले. बोट काढलं, गेले. दाबलं, आले. नवऱ्याची नळी कानात बसत होती, पण कान बंद करत नव्हती. फटीतून सगळे जाड आवाज गळून जात होते आणि बारीक तेवढे उरत होते. बाया, पोरं, कारकुनाचे चिरक्या आवाजातले प्रश्न, सगळं येत होतं. भारी आवाजाच्या माणसांनी काय पाप केलं होतं!

रेकॉर्डिंग संपत आलं होतं. कारकुनानं आभार मानले, पण काकांनी फोन नीट ठेवला नसावा. लांबून बायकोचा बारीक आवाज आला, काय म्हणाले? आणि काका तिला म्हणाले, "घेतायत गं लिहून. सगळं घेतायत." ताईनं यंत्र बंद केलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की समोरच्या भिंतीवरच्या त्या फोटोकडे तिला बघवेना.

दोन महिन्यांचे कागद तिनं उपसले. सातव्या प्रश्नाला अस्पष्ट लिहून फाइल बंद झालेले अर्जदार एकेचाळीस निघाले. एकूण एक पुरुष. ते घेऊन ती साहेबांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी खुर्ची मागं रेटली. "हे बघा, ताई. टंकलेखनातला दोष म्हणून बंद फाइल उघडता येते, गुलाबी फॉर्म आहे त्याला. पण एका टंकलेखकाला वर्षाला चार. पाचवा आला की अकार्यक्षम. महिन्याची नोटीस आणि घरी. नियम काय मी केला?"

"पण एकेचाळीस माणसं आहेत, साहेब."

"मग चार भरा की! क्रेनवाल्याचा आधी भरा. मी कुठं नाही म्हणतोय? मी काय राक्षस आहे? चार जणांचं भलं होईल, तुमची नोकरी राहील, तुमचा फोटोही राहील. बाकीचे पुढच्या वर्षी फोन करतील. तोवर बोलायलाही शिकतील जरा."

काकांचा फॉर्म तिनं त्याच दुपारी भरला. बोटानं इयरफोन दाबून, एका हातानं, शब्द न् शब्द. राहिले तीन फॉर्म आणि चाळीस माणसं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकलं आणि तो पार खचला. ती नळी त्याची होती. "माझ्या हातून झालं गं," असं तीनदा म्हणाला. मग म्हणाला, "तीन निवड आणि गप्प बस. निवृत्तीला सहा वर्षं आहेत. पोरीचं शिक्षण व्हायचंय." तोही चूक नव्हता. ताईलाही नोकरी हवी होती. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि या वयात कुणी शिकवणारही नव्हतं.

तीन निवडायचे म्हणजे चाळीस ऐकायचे. एका हातानं ते होणार नव्हतं, म्हणून लेक म्हणाली, आई, कमी ऐकू येणाऱ्यांची यंत्रं मिळतात तिथं विचारून बघ. ताई गेली. दुकानातल्या बाईनं कानात फुंकणीसारखं बारीक यंत्र घालून माप घेतलं, एक खण ओढला आणि मऊ, पारदर्शक टोपी काढून तिच्या इयरफोनवर चढवली.

"ही तीन वर्षांच्या मुलांची. दुखतंय?"

"घातली का तुम्ही?" ताईनं विचारलं. कानात काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. बाईनं मागच्या मागं एक जाडा मर्दानी आवाज लावला, आणि ताई दचकून मागं वळली. तिच्या मागं कुणी नव्हतं. पाच मिनिटांचं काम. यासाठी तिनं डॉक्टर केला, पाच प्रकारचा कचरा मागवला, आणि एकेचाळीस माणसांची तोंडं बंद केली होती.

मग ती ऐकायला बसली. एका रखवालदाराच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं, पोराच्या छातीत घरघर होती. तो नक्की घ्यायचा, असं तिनं ठरवलं. मग एक पाववाला, त्याचे वडील आंधळे, जिन्यावरून दोनदा गडगडलेले. हाही घ्यायचा. मग एका खोलीत सात जण राहणारा शिंपी. झाले तीन. चौथा ऐकायलाच नको, असं म्हणून तिनं हात मागं घेतला, आणि मग स्वतःवरच चिडून चौथा लावला. चौथा पायानं अधू होता. पाचवा नुसताच कुरकुऱ्या होता. सकाळचं ऊन येत नाही म्हणे! तिला हायसं वाटलं. पण सहावा तसा नव्हता, आणि सातवाही नव्हता. तीन दिवस तिनं हे केलं. चौथ्या दिवशी तिनं निवडणं सोडलं आणि नुसतं टाइप करायला लागली, त्या ऊनवाल्याचंसुद्धा.

चाळीस गुलाबी फॉर्म साहेबांकडे नेले असते तर साहेबांनी ते खणात घालून कुलूप लावलं असतं. ताई तेवीस वर्षं तिथं होती, तिला माहीत होतं. म्हणून ती आधी आवक-जावकच्या मावशींकडे गेली. मावशी न बघता शिक्का मारायच्या. कागद समोर आला की हात पडायचा. चाळीस शिक्के पडले, वहीत चाळीस नोंदी झाल्या. आता ते कागद आलेच नव्हते असं परमेश्वरालाही म्हणता आलं नसतं.

"काय केलंत हे!" साहेब किंचाळले. "मला हे सगळं वाचावं लागणार!"

"हो, साहेब," ताई म्हणाली. "आणि वाचता येईल असं लिहिलंय."

नोटीस तिला तीन दिवसांत मिळाली. इतक्या तातडीनं त्या कार्यालयातून दुसरं काही बाहेर पडलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. फोटोही उतरला, खिळा राहिला. एकेचाळिसांपैकी एकोणीस जणांना घर मंजूर झालं. बावीस जणांना नकार गेला, पण या वेळी कारण देऊन. पहिलं घर क्रेनवाल्या काकांचं, तळमजला, समोर अंगण. साहेबांनी त्यावर "अतितातडीचे" असा शेरा मारला होता, म्हणून त्याला पाचच आठवडे लागले.

नोटिशीचा महिना संपत आला होता. ताई शेवटचे काही कागद करत होती, नव्या टोप्या घालून, दोन्ही हातांनी. एक रेकॉर्डिंग लावलं, आणि पहिल्याच शब्दाला तिनं ओळखलं. काकाच होते. पण आवाज एवढा खाली गेला होता की कारकून दोनदा "मोठ्यानं बोला" म्हणाला.

"तळमजल्याचं घर मंजूर झालंय तुमचं. ताबा घ्यायला कधी येता?"

"नको."

"नको म्हणजे? नाकारायचं असेल तर कारण लिहावं लागतं."

नुसता श्वास येत होता. जुन्या नळीतून तो आला नसता.

"सोमवारी गेली ती," काका म्हणाले. "चौघांनी उचलून खाली आणली. मला काय, मी चढतो चार मजले. ते घर दुसऱ्या कुणाला द्या. ज्याचं माणूस अजून आहे त्याला द्या."

"बरं," कारकून म्हणाला. "आणखी काही?"

"नाही. त्या आतल्या बाईंना सांगा, बघते म्हणाल्या होत्या ते त्यांनी बघितलं. मला पत्र मिळालं."

ताईनं मान खाली घालून कारणाच्या रकान्यात ते सगळं टाइप केलं, सोमवार, चौघं, चार मजले, सगळं. एकदा पुन्हा ऐकून तपासलं. काहीही राहिलं नव्हतं. मग तिनं टेबलावर डोकं ठेवलं आणि ती मोठमोठ्यानं रडली, पुढच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल इतकी.